बरं वाटणं

“आई, आजोबांनी पाय खाली सोडला,” चिमुरडीने दारातूनच चहाडी केली.

सून साबणाच्या हातांनी आत धावली. सासऱ्यांचा उजवा पाय खरंच पलंगावरून लोंबत होता. घोट्यापर्यंत लालबुंद. अंगठ्यावरची जखम महिनाभरात तसूभरही भरली नव्हती.

“बाबा, काय सांगून गेले होते मी?”

“खाली सोडला की बरं वाटतं गं.”

“बरं वाटणं वेगळं, बरं होणं वेगळं.” तिने पाय उचलून उशांवर ठेवला. वर गेला की लाली उतरायची. तेवढाच तिला धीर यायचा. पाय सुजला की वर ठेवायचा, हे तिला स्वतःच्या गरोदरपणापासून पाठ होतं.

सासरे शिंपी. “जन्मभर मी पायाने मशीन चालवलं. आता पाय मला नाचवतोय,” म्हणाले आणि ओठ चावून पडून राहिले. पोरीपेक्षा शहाणे, तिला वाटलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पावलावर नाडी शोधली. पुन्हा शोधली. मग पाय वर धरला. तो बघता बघता पांढराफटक पडला.

“घरी पाय वर कोण ठेवतं?”

“मी. सूज उतरावी म्हणून.”

“ही सूज नाही. रक्तवाहिनी आकसलीय, रक्त खालपर्यंत पोचत नाही. पाय सोडला की थोडं उतरतं. त्यांचं त्यांना कळत होतं.”

“तिला नका बोलू,” सासरे घाईने म्हणाले. “मीच सांगितलं नाही.”

त्यांनी रोज सांगितलं होतं.

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलं. “तोवर शेक नको, घट्ट पट्टी नको,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पाय दुखणारच. पण दुखायचं एकदम थांबलं आणि पाय गार पडला, तर असाल तशा निघा. मग पाय वाचवायला फार वेळ मिळत नाही.”

उशा कपाटात गेल्या. सासरे पाय सोडून कण्हत बसायचे. काम करता करता सून कान लावून असायची. कण्हणं ऐकू आलं की तिला हायसं वाटायचं, आणि तसं वाटल्याची लाजही.

एका दुपारी चिमुरडी पुन्हा दारात आली. “आई, आजोबा हसतायत.”

पाय खालीच होता. लाली कुठेच नव्हती. सुनेने वाकून पावलाला हात लावला.

“पोरी, आज खरंच बरं वाटतंय बघ,” सासरे म्हणाले. “अजिबात दुखत नाही.”