पदराखालचा अंधार
नात पुनमचं लग्न ठरलं, त्या साली ती नवा कॅमेरा घेऊन आली. म्हणाली, "आबा, चेहरा दिसेल असा आजीचा एक तरी फोटो मला सासरी न्यायचाय."

माझी बायको भिकुबाई नाकापर्यंत पदर ओढून खाटेवर बसली. कमी उजेडातही दिसावं म्हणून पुनमने आयएसओ वाढवला, मग आणखी वाढवला. फोटोत नुसते दाणे आले.

"आजी, पदर मागे घे ना."

"कसं करू व माय? समोर जेठ शेतस," ती कुजबुजली.

"आबा, कॅमेऱ्याचा आयएसओ संपला. आता तुम्हीच बघा."

मी उठलो आणि समोरच्या भिंतीवरची थोरल्या भावाची, म्हणजे तिच्या जेठांची, अभिमनभाऊंची तसबीर उलटी केली. भिकुबाईने पदर मागे घेतला.

अभिमनभाऊ २००९ सालीच, आखाजीच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी वारले होते.