नितळ

"हं, आता उघडा डोळे," मुलगी म्हणाली. त्यांनी डोळे उघडले आणि वॉकरच्या मुठी घट्ट धरल्या.

खोली त्यांचीच होती. खिडकी तीच, खिडकीखालचं बाकडं तेच. पण भिंतीवरच्या तिन्ही फळ्यांवर कुणीतरी परकीच माणसं आणून उभी केली होती. लाल, पिवळी, निळी, नव्या कोऱ्या गाडीसारखी चकाकणारी. जुनी माणसं कुठे गेली हे विचारायला त्यांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात त्यांना कळलं की हीच ती.

खुब्याचं हाड मोडून ते सात आठवडे इस्पितळात होते. तेवढ्या दिवसांत मुलगी आणि जावई दोघांनी मिळून हे केलं होतं. जावई गाड्यांना रंग मारायच्या कामावर. मालकाच्या हातापाया पडून त्याने घासायचं मशीन घरी आणलं होतं. दर रविवारी, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, त्यांनी कोरलेली एकेक लाकडी बाहुली घासून घेतली, चिरा पुट्टीने बुजवल्या, मग फवाऱ्याने रंगाचे दोन हात दिले. भुवया, ओठ, साड्यांचे काठ मुलीने बारीक ब्रशने काढले. एक्केचाळीस बाहुल्या. सांगताना जावयाने तळहातावरचे फोड दाखवले, आणि दाखवून लाजला.

ते नगरपालिकेत पाण्याचा व्हॉल्व्ह सोडायचे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी गल्ली त्यांना व्हॉल्व्हवाले म्हणूनच ओळखायची. टाकी भरेपर्यंत नुसतं बसून राहायचं, म्हणून एकदा करवतीच्या तुटक्या पात्याने लाकडाचा तुकडा कोरायला घेतला, आणि तो नाद काही सुटला नाही. कुणी शिकवलं नाही, कुणाला विचारलं नाही. नळावर येणारी माणसं जशी दिसायची तशी कोरायची, घाव पडेल तिथे तो तसाच राहू द्यायचा, एवढंच त्यांना येत होतं.

वॉकर सरकवत ते फळ्यांपाशी गेले. पहिला लंगडा शिंपी. तो सरळ उभा होता.

"हा सारखा कलंडायचा, बाबा," जावई म्हणाला. "एक पाय आखूड राहिला होता तुमच्याकडून. खाली तुकडा जोडलाय, दिसतो का बघा."

दिसत नव्हता. जोड सफाईदार होता.

शिंप्याच्या शेजारी कोपऱ्यावरची दूधवाली. तीस वर्षं नळावर ती कुणाशी ना कुणाशी भांडत आली होती, आणि त्यांनी तिला कोरलं ते आ वासलेलं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. आता तिचे ओठ मिटलेले होते. गुलाबी होते. ती किंचित हसतही होती. तोंडाशी केवढी तरी मोठी चीर गेली होती, जावई सांगत होता, दोनदा भरावी लागली.

ते वॉकरवर ओणवे झाले. मुलीने पटकन खुर्ची पुढे केली, ते बसले. इतक्या दिवसांनी चाललात, दमलात, असं काहीतरी ती म्हणत होती. तिच्या नखांत हिरवा रंग अडकलेला होता. काहीतरी बोलायला हवं होतं. फार कष्ट घेतलेत, असं ते बोलले. आवाज आपलाच आहे की नाही याची त्यांना खात्री वाटेना.

मग ते मधल्या फळीकडे बघू लागले, आधी उजवीकडून, मग डावीकडून.

"आईला शोधताय ना?" मुलगी म्हणाली. "तिला वेगळं ठेवलंय. तिचं मी एकटीने केलं, मशीन लावलं नाही. सगळं हाताने."

तिने कपाटातून हिरव्या साडीतली एक तरुण बाई काढून त्यांच्या मांडीवर ठेवली.

बायकोला लहानपणी देवी आल्या होत्या. चेहरा व्रणांनी भरलेला, म्हणून ती कधी फोटोला उभी राहिली नाही. लग्नाकार्यात फोटोवाला आला की स्वयंपाकघरात जाऊन बसायची. त्यांनी तिला कोरलं तेव्हा खिळ्याच्या टोकाने एकेक व्रण टोचला होता, जिथला तिथे. बाहुली पाहून ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढता वाढता म्हणाली, "हनुवटीखालचा एक राहिलाय." तो त्यांनी तिच्यासमोर बसून टोचला. तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"लोकांनी तिला काय काय नावं ठेवली, बाबा," मुलगी म्हणाली. "शाळेत मला न्यायला आली की माझ्यासमोर चिडवायचे तिला. जन्मभर पदराआड तोंड लपवलं तिने. म्हटलं, आता तरी तिचा चेहरा नितळ होऊ दे."

त्यांनी बाहुलीच्या गालावर अंगठा ठेवला. कपाळापासून हनुवटीपर्यंत तो कुठेही न अडता खाली आला. त्यांनी परत वर नेला. परत तसाच घसरला. हनुवटीखाली त्यांनी नखाने चाचपून पाहिलं.

"घासल्यावर भुसा पडला असेल," ते म्हणाले. "तो कुठे टाकलात?"

"अर्धं पोतं निघाला, बाबा," जावई हौसेने सांगू लागला. "दर सोमवारी कचऱ्याच्या गाडीत..."

मुलीने त्याच्या दंडावर हात ठेवला.