नजरेचा मणी
अलफियाच्या दहिवलीतल्या प्लॉटवर पाया खणताना पुरातन मडकी निघाली, तेव्हापासून उत्खनन चालू होतं. मातीच्या ढिगात सापडलेला काळा मणी तिने गुपचूप लेकीच्या मनगटाला बांधला होता, नजर लागू नये म्हणून. आज खड्ड्यात खणणारी वनिता ओरडली, “ताई, बारक्या लेकराची हाडं हायेत गं! गळ्यात काळं मणी बी!” उत्खननाच्या मॅडम म्हणाल्या, “हजारो वर्षांपूर्वी आईनेच घातले असतील. नजर लागू नये म्हणून.” अलफियाने कडेवरच्या लेकीचं मनगट धरलं. जो मणी त्या बाळाला वाचवू शकला नाही, तो तिला लेकीच्या अंगावर क्षणभरही नको होता. दोरा तोडून, “ढिगात सापडला होता,” म्हणत तिने मणी मॅडमच्या हातावर ठेवला. “बघा, याला म्हणतात प्रामाणिकपणा!” मॅडम भारावल्या. वनिता हसली, “आमी गप ठेवून घेतला असता!” अलफियाने मान खाली घातली, तर खड्ड्यात ते लेकरू होतं.