कोरडं वंगण

भट्टीच्या धगीत तेल जळून जायचं, म्हणून तिनं बेअरिंगसाठी सिरॅमिकचं कोरडं वंगण बनवलं. त्याचे पातळ थर पत्त्यांसारखे एकमेकांवरून घसरायचे. "बेअरिंग अडकलं की चाचणी संपली. तोवर मात्र तुम्हाला रजा नाही," साहेबांनी बजावलं होतं.

चौदा महिने झाले, बेअरिंग अडकायचं नाव घेईना.

सकाळी लेकीचा फोन आला. "आई, बाळंतपणाची तारीख जवळ आलीय गं. येशील ना?"

"येते," ती म्हणाली आणि कुंडीतली चिमूटभर वाळू घेऊन भट्टीपाशी गेली. झडप उघडली. आत तिचं बेअरिंग जराही कुरकुर न करता फिरत होतं. ती बघतच राहिली.

.

.

मग तिनं झडप लावली, वाळू परत कुंडीत टाकून हात झटकला आणि नोंदवहीत रोजच्यासारखं लिहिलं, "सुरळीत."