ग्लेंडाचा केक

ब्रॉन्क्समधल्या कडक फ्रान्सिस्कन मठात तीन दिवस राहून पाहिल्यावर माझी खात्री पटली की संन्याशाला लागणारं पावित्र्य माझ्यात नाही. पहाटेच्या मौनप्रार्थनेत मला येशूऐवजी बेकन दिसत होतं. जेवताना फादर बोनिफेसना तसं सांगून कायमचं घरी परतायचं ठरवलं. तेवढ्यात कुणी न नेल्यामुळे बेकरीनं दान दिलेला केक आला, वर लिहिलेलं, ‘ग्लेंडा, निवृत्तीच्या शुभेच्छा’. “साखरेचा गुलाब माझा!” स्वतःचं काही न बाळगण्याची शपथ घेतलेले ब्रदर सिल्व्हेस्टर म्हणाले. “मागचा पण तूच हाणलास, ढेरपोट्या!” ब्रदर कॉलम्बन कडाडले. दोन्ही दाढ्या एकमेकींना भिडल्या. फादरांनी शांतपणे गुलाब उचलून स्वतःच्या तोंडात टाकला. संन्यास घ्यावा की नाही या दोन वर्षांच्या घालमेलीनंतर मला हायसं वाटलं. “तू काही सांगणार होतास ना, बाळा?” बोटं चाटत त्यांनी विचारलं. “हो, फादर,” मी म्हणालो. “तुमच्यासारख्या संन्याशाच्या चपला बारा नंबरात मिळतील?”