गणपतचं पान

बारा वाजून गेले तरी गच्चीवरच्या पानाला कावळा शिवला नव्हता. शिवाजी पेठेतल्या बाकीच्या गच्च्यांवरचे पितर जेवून गेलेसुद्धा. ब्याऐंशी वर्षांची धोंडुबाई मात्र वडे-खीर वाढून अजून वाट बघत होती. तिचा बाप सयाजी मराठा पलटणीतून इटलीच्या लढाईवर गेला तो गेलाच. ती तेव्हा आईच्या पोटात होती. दरसालचा म्हाळ असाच जायचा. बाप उपाशी आहे, ही टोचणी तिला जन्माची लागली होती.

कठड्याला टेकवलेल्या मोबाइलवर नात स्वप्नाली दिसत होती. ती नोकरीला इटलीतच असते. आज मुद्दाम एका डोंगरातल्या गावी गेली होती. तिथं अजून सकाळच होती. धुक्यात एक दगड दिसत होता.

"आज्जी, बघ. गावातली माणसं ह्याला गणपतचा दगड म्हणत्यात. हितं आपला एक शिपाई पडला."

"माझ्या बाचं नाव सयाजी हुतं."

"अगं, लढाईत गोरा शिपाई म्हंजे टॉमी, जर्मन म्हंजे जेरी. आन् मराठा कोण का असंना, त्यो गणपत. दगडावर नाव न्हाय. आपलाच असंल असं न्हाय, आज्जी."

 तेवढ्यात धुक्यातून काळी शाल पांघरलेली एक म्हातारी आली. धोंडुबाईपेक्षा थोडी थोरली असेल. तिनं दगडावर पावाचा तुकडा ठेवला आणि बाजूला झाली.

"लढाईच्या वक्ताला ह्या पाच वर्षांच्या हुत्या. गणपतनं त्यास्नी आपल्यातली अर्धी चपाती दिलती," स्वप्नाली हळू आवाजात म्हणाली. "तवापासनं दर रव्वारी पाव ठेवत्यात."

कुठूनसा एक काळा पक्षी उतरला. त्यानं पाव उचलला. धोंडुबाई बघत राहिली. भर दुपारी पेठेतल्या गच्च्यांवर धुकं उतरल्यासारखं तिला वाटलं, आणि पायाखालची फरशीही गार लागली.

"दर रव्वारी?"

"व्हय."

धोंडुबाईला हसू आलं आणि रडूही. "मग जेवतोय की त्यो! भरल्या पोटाच्या माणसाला म्या किती आग्रह करायचा?"

तिनं पान पुढ्यात ओढलं. खिरीत बुडवलेला वडा आधी मोबाइलसमोर धरला.

"त्या बाईस्नी सांग, पुढल्या म्हाळाला आमच्यात जेवाया या."