उजवीकडचं ढेकूळ

बेबाबाईंनी घागर एका अंगाला कलती केली आणि खाली पाहिलं. डावं ढेकूळ भिजून काळंभोर झालं होतं. उजवं कोरडं ठणठणीत.

त्यांनी घागर पुन्हा सरळ केली. दुसऱ्या हातात तुळशीला पाणी घालून झालेला तांब्या होता. तळाशी थोडं पाणी उरलं होतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागरीखाली पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं मांडायची, जे जास्त भिजेल त्या महिन्यात पाऊस चांगला, हे सोनगीरमध्ये घरोघरी चालतं. यंदा बेबाबाईंच्या नवऱ्याने, तोतारामांनी, आणखी एक घागर मांडायला लावली होती. तिच्याखाली दोनच ढेकळं. उजवं आपलं, डावं इंडोनेशियाचं. रोमच्या ऑलिंपिकला फुटबॉलचा कोणता संघ जाणार, ते या दोघांत ठरायचं होतं. कलकत्त्याचा सामना आपण जिंकलो होतो. परतीचा परवा, त्यांच्या मैदानावर.

ओसरीवर तीच चर्चा चालली होती. शेजारचे रतिलालशेठ दुकानातला पेपर आणून वाचून दाखवत होते. तोताराम भुसावळला रेल्वेच्या संघात बारा वर्षं गोलकीपर होते. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. समोर बसलेला माणूस खांबासारखा दिसे. पण रतिलालशेठनी चार ओळी वाचल्या की तोताराम त्यांच्यापुढे अख्खं मैदान मांडून दाखवत.

"त्यासना पोऱ्या ठेंगना शेतस, पन पायमा बिजली शे," ते सांगत होते. "आपला डावीकडना गडी बॉल सोडाले उशीर करस. आनि तठे पानी पडनं ते आपला बठ्ठासना बूट घसरतीन."

"आबा, तुम्ही नक्की कोणाकडून आहात?" रतिलालशेठनी विचारलं.

"आपलाच कडथून. पन समोरनाले कमी समजं, की गोल व्हसच."

"एवढं सगळं कळतं, मग धुळ्याला जायला का भिता? डॉक्टर काय बूट घालून तुमच्या डोळ्यावर पाय देणार आहे?"

"बूट परवडस, बापा," तोताराम म्हणाले. "बूट येतांना दिखस तरी."

धुळ्याचं डोळ्यांचं शिबिर उद्या संपत होतं. तोताराम दोनदा मोटर स्टँडवरून माघारी फिरले होते. शेवटी म्हणाले, आपले जिंकणार असतील तर मी जातो. पण सामना परवाचा, म्हणून ढेकळांना विचारायचं ठरलं. देवाच्या मनात असेल तसं, म्हणून बेबाबाईंनीही मान डोलावली होती. आता देवाच्या मनातलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"रुपलीनी माय," ओसरीवरून तोतारामांची हाक आली. "देखं का? कोनतं भिजनं?"

बेबाबाईंचे नेम पुष्कळ. आंघोळ झाल्यापासून तुळशीला पाणी घालेपर्यंत मौन. सोमवारी एकवेळ जेवण. आणि खोटं कधीच बोलायचं नाही, हा सगळ्यांत जुना. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि तुळशीकडे वळून हात जोडले. बराच वेळ जोडूनच ठेवले. मग घागर उचलून बाजूला ठेवली आणि तांब्यातलं उरलेलं पाणी उजव्या ढेकळावर ओतलं.

ओसरीवर जाऊन त्यांनी नवऱ्याचा हात धरला.

"मौन शे वाटस अजून," तोताराम रतिलालशेठना म्हणाले आणि उठले.

अंगणात त्यांना खाली बसवून बेबाबाईंनी त्यांचा पंजा उजव्या ढेकळावर ठेवला. पंजा अजून फावड्याएवढा होता. मधलं बोट भुसावळच्या मैदानावर मोडलेलं, तसंच वाकडं जुळलेलं. त्या बोटांनी ढेकूळ चाचपलं. मग डावं चाचपलं. पुन्हा उजव्यावर आली आणि तिथेच थांबली.

"हे ते आंघोळ करीसन उनं," तोताराम हळूच म्हणाले.

बेबाबाईंनी मान खाली घातली.

"तुन्हं मौन तुळशीले पानी टाकापावत ऱ्हास ना?"

बेबाबाईंनी तुळशीकडे पाहिलं.

"तांब्याना आवाज माले दोन डाव उना. एक डाव तुळशीवर. दुसरा डाव पानी कोठे पडनं?"

रतिलालशेठनी पेपर तोंडासमोर धरला. बेबाबाईंनी हात सोडवून घ्यायला पाहिलं, पण तो मनगटापासून पंजात गेला होता, आणि त्या पंजातून सहसा काही सुटत नसे.

"फाउल शे," तोताराम म्हणाले. मग ओसरीकडे तोंड करून, "रतिलाल, तू रेफ्री. तुनी काही देखं का?"

"मी पेपर वाचत होतो, आबा."

तोतारामांनी थोडा विचार केला.

"रेफ्रीनी देखं नही, ते गोल धराना पडस."

उजवं ढेकूळ त्यांच्या बोटांखाली विरघळून गेलं होतं. चिखल दोघांच्या हातांना लागला होता. बेबाबाईंनी पदराच्या टोकाने आधी त्यांचं वाकडं बोट पुसलं, मग बाकीची.

"उद्यानी धुळानी मोटर कितला वाजानी शे?" तोतारामांनी विचारलं.

"सहानी," बेबाबाई म्हणाल्या.

आंघोळीनंतरचा त्यांचा तो पहिला शब्द. मोटर खरोखरच सहाची होती.